मांजरासाठी आगोटीची बेगमी

पेडणे आणि डिचोली या उत्तर गोव्यातल्या तालुक्यांत घरचे मांजर काय खाणार, हे बहुतेक ठिकाणी घरची माणसे काय खातात यावर ठरते. आदोळीवर (विळीवर) मासळी कापली जाते तेव्हा डोकी, शेपट्या आणि आतडी मांजराच्या वाट्याला येतात. जेवणे उरकली की उकड्या तांदळाचे शीत (भात) हुमणाच्या, म्हणजे मासळीच्या आमटीच्या, रसात कालवून त्याच्या पुढ्यात ठेवले जाते. ऑक्टोबरपासून मेपर्यंत ही रीत बऱ्यापैकी निभते, कारण शिताबरोबर रोज काही ना काही मासळी पोटात जाते. 1 जूनला यांत्रिक बोटींची मासेमारी बंद होते ती 31 जुलैपर्यंत. या 61 दिवसांत बाजारात येणारी थोडीफार मासळी इतकी महागते की माणसांच्याच ताटात ती तोलून-मापून पडते. बंदी उठते न उठते तोच श्रावण लागतो आणि अनेक हिंदू घरे गणेशचवथीपर्यंत शिवराक, म्हणजे शाकाहारी, होतात. 2023 सारखा अधिक श्रावण आला, तर तो पाळणाऱ्या घरांत ही मुदत आणखी लांबते. म्हणजे वर्षातले जवळजवळ तीन महिने मांजराला नुसते शीत आणि जमले तर दूध मिळते. मांजराच्या स्वस्त आणि पौष्टिक आहाराचा विचार इथूनच सुरू करायला हवा. ज्या खाण्याला आपण फुकट किंवा स्वस्त समजतो ते मांजराच्या शरीराच्या हिशेबाने महाग पडते. रुपयामागे किती प्राणिज प्रथिन मिळते, आणि तेही बाराही महिने मिळते का, हा या बाबतीतला खरा भाव आहे.

हा हिशेब प्रथिनांवरच का मांडायचा, याचे उत्तर मांजराच्या शरीरात आहे. कुत्रा किंवा माणूस मिश्राहारावर निभावून नेतो. मांजराच्या शरीराने मात्र कित्येक रासायनिक कामे सोडूनच दिली आहेत, कारण पिढ्यान् पिढ्या ती द्रव्ये भक्ष्यातून तयार मिळत आली. टॉरिन नावाचे अमिनो आम्ल त्याला पुरेसे बनवता येत नाही. गाजर-भोपळ्यातल्या कॅरोटीनपासून जीवनसत्त्व अ तयार करता येत नाही. नायसिन हे ब गटातले जीवनसत्त्व आणि ॲरॅकिडॉनिक हे मेदाम्लही त्याला मांस, मासे, अंडी यांतूनच घ्यावे लागते. टॉरिनचे महत्त्व फार उशिरा लक्षात आले. केवळ दुधातल्या केसिनवर वाढवलेल्या मांजरांच्या डोळ्यांचा पडदा झिजत जाऊन ती आंधळी होतात, हे 1975 मध्ये अमेरिकेत सिद्ध झाले. पुढे 1987 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पशुवैद्यांनी दाखवले की टॉरिन कमी पडले तर मांजराचे हृदय फुगून दुबळे होते आणि वेळेवर टॉरिन दिले तर ते सुधारतेही. भातात टॉरिन नसते आणि दुधात अगदी थोडे असते. गोडाची चव ओळखणारा जनुक मांजरात निकामी आहे, हे 2005 मध्ये कळले. तेव्हा मांजर पेढा किंवा बिस्किट चाटते ते साखरेसाठी नव्हे, त्यातल्या दुधातुपासाठी. मोकाट मांजरे काय खातात याचा 2011 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास याला धरूनच आहे. त्यांच्या आहारातील ऊर्जेपैकी सुमारे 52 टक्के प्रथिनांतून, 46 टक्के चरबीतून आणि जेमतेम 2 टक्के पिष्टातून येते.

आता पैशांचा हिशेब करू. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने 2006 मध्ये सुचवलेल्या प्रमाणानुसार चार किलोच्या प्रौढ मांजराला दिवसाला साधारण 13 ग्रॅम प्रथिन हवे, आणि ऊर्जा 200 ते 250 किलोकॅलरी. शिजलेल्या भाताच्या 100 ग्रॅममध्ये तीन ग्रॅमही प्रथिन नसते. 13 ग्रॅम गाठायला जवळजवळ अर्धा किलो भात लागेल आणि त्यात मांजराच्या गरजेच्या दुपटीहून जास्त ऊर्जा असेल. पोट भरते, अंग भरत नाही. दुधाचा दर लिटरला 60 रुपये धरला तर 13 ग्रॅम प्रथिनासाठी 400 मिलिलिटर, म्हणजे 24 रुपयांचे दूध लागते. त्यातही बहुतेक प्रौढ मांजरांना दुधातली साखर नीट पचत नाही, शौच पातळ होते आणि पोटात गेलेले वाया जाते. अंडे आठ रुपयांना धरले तर दोन अंडी 16 रुपयांना 12 ग्रॅमच्या वर प्रथिन देतात. तारले हंगामात किलोला 150 रुपये धरले तर डोके-काट्यासकट 80 ग्रॅम तारल्यांत, म्हणजे 12 रुपयांत, तेवढेच काम होते. किलोला 300 रुपयांचे, 30 टक्के प्रथिन असलेले मांजरांचे कोरडे खाणे दिवसाला 60 ग्रॅम लागते. त्याचे 18 रुपये होतात आणि त्यात प्रथिनांबरोबर दिवसभराची ऊर्जा, टॉरिन, चुना आणि जीवनसत्त्वेही येतात. दर वर-खाली होतील, प्रत्येकाने आपल्या बाजारातले आकडे घालून पाहावेत. क्रम मात्र फारसा बदलणार नाही. मायेने वाटीत ओतले जाणारे दूध या यादीत सर्वांत महाग ठरते आणि समुद्रातली सर्वांत साधी मासळी सर्वांत स्वस्त.

यावर हमखास येणारा आक्षेप असा की आजीच्या घरची मांजरे शीतकडी खाऊनच वाढली, त्यांना काय झाले? त्यांना उंदीर मिळत होते, हे त्याचे उत्तर. भाताची कणगी, गुरांचा गोठा, गवताची उडवी, कौलारू छपराखालचा माळा, अशा घरात मांजराचे निम्मेअधिक जेवण ते स्वतः मिळवत असे आणि शीत म्हणजे वरचा घास होता. एका उंदरात सुमारे 30 किलोकॅलरी असतात. आठेक उंदरांत मांजराचा दिवस निघतो. त्या आठ उंदरांत स्नायू, काळीज, हाडे, रक्त असे सगळे आले, म्हणून कुठलीही कमतरता राहत नसे. आज तेच मांजर डिचोली शहरातल्या फ्लॅटमध्ये किंवा मोपा विमानतळाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला कुंपणात राहते. बाहेर वाहने आहेत, उंदरांना घातलेले विष आहे, म्हणून त्याला घरात ठेवणेच शहाणपणाचे. शिकार गेली आणि शीत उरले. शिवाय जुनी मांजरे धडधाकट होती असे आपण म्हणतो तेव्हा जी जगली तीच आठवत असतात; पावसाळ्यात खंगून गेलेली पिल्ले कोणी मोजून ठेवली नव्हती.

मासळी हा या भागातला सर्वांत मोठा आधार, म्हणून तिच्याबद्दल नीट बोलायला हवे. पेडण्याच्या किनाऱ्यावर, केरी, हरमल, मांद्रे, मोरजी इथे रापण ओढली जाते तेव्हा पेडवे, तारले अशी बारीक मासळी पुष्कळ येते. इसवण किंवा मोरीच्या मानाने ती कवडीमोल, पण मांजरासाठी तीच उत्तम. एक तर ती अख्खी खाता येते, म्हणजे मांसाबरोबर काटे आणि आतले अवयवही पोटात जातात. नुसत्या मांसात स्फुरद भरपूर आणि चुना नगण्य असतो. काट्याशिवायचे तुकडेच रोज घातले तर वाढत्या पिल्लाची हाडे ठिसूळ होतात. दुसरे कारण पाऱ्याचे आहे. पारा समुद्रात लहान माशाकडून मोठ्याकडे साठत जातो, म्हणून मोरी, इसवण, कुपा अशा शिकारी माशांत तो जास्त आणि तारल्या-पेडव्यांत कमी असतो. जपानमधल्या मिनामाता गावात 1950 च्या दशकात एका रासायनिक कारखान्याच्या सांडपाण्यातला पारा मासळीत उतरला, तेव्हा माणसांच्या आधी तिथली मांजरेच झोकांड्या खात, वेडीवाकडी नाचल्यासारखी मरताना दिसली होती. गोव्याच्या समुद्राची तुलना त्या खाडीशी करण्याचे कारण नाही. पण मासळीतले विष आधी मांजराला गाठते, कारण त्याचे वजन चार किलो आणि जेवण जवळजवळ सगळे मासळीचे, ही गोष्ट तिथे जगाला कळली.

मासळी कच्ची घालू नये. तारल्याच्या जातीच्या माशांत थायमिनेज नावाचे द्रव्य असते आणि ते जीवनसत्त्व ब-1 नष्ट करते. कच्च्या तारल्यांवरच राहणाऱ्या मांजराची मान खाली झुकते, चाल लटपटते आणि पुढे झटकेही येतात. उकळी आली की हे द्रव्य निकामी होते. म्हणून कापतानाच मांजराचा वाटा वेगळा काढावा आणि मीठ, मिरची, कांदा, लसूण न घालता शिजवावा. हुमणाचा रस मांजराला का देऊ नये, याचे कारण तिखटापेक्षा कांद्यात आहे: कांदा-लसणाने मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, आणि शिजवल्याने हा दोष जात नाही. तारले किंवा पेडवे कुकरमध्ये चार-पाच शिट्या देऊन वर अर्धा तास मंद आचेवर ठेवले की काटे बोटांनी चिरडता येतील इतके मऊ होतात. बांगड्याचा मधला काटा मात्र काढून टाकावा. शिजवलेले पाणी ओतून देऊ नये, कारण टॉरिन पाण्यात विरघळते. मासळी उकडून पाणी फेकले तर ज्यासाठी मासळी घातली त्यातला मोठा भाग मोरीत जातो. त्याच पाण्यात दोन चमचे भात कालवला तर हरकत नाही. शिजलेले पिष्ट मांजराला पचते. भात हा भर म्हणून चालतो, जेवण म्हणून नाही. आणखी एक पथ्य शिळ्या मासळीचे. बांगडा, तारला, कुपा उन्हात पडले की त्यांत हिस्टामिन तयार होते आणि ते उकळूनही जात नाही. दुपारी बाजार उठताना स्वस्तात मिळालेली डोकी बर्फावर होती की उघड्यावर, एवढे पाहून घ्यावे.

इतके असूनही रोज फक्त मासळी हा आहार पूर्ण नाही. तेलकट मासळीच्या सततच्या माऱ्याने शरीरातले ई जीवनसत्त्व खर्ची पडते, अंगातली चरबी पिवळी पडून दुखू लागते आणि उचलून घेतले तरी मांजर कळवळते. म्हणून अदलाबदल हवी. डिचोली तालुक्याला समुद्र नाही. साखळी, मये, पाळी, वेळगे या बाजूला मासळी बाजारातून आणि दुचाकीवरच्या विक्रेत्याकडून येते, म्हणून तिचा दरही चढा. त्यात इथल्या लोहखनिजाच्या खाणी 2012 मध्ये थांबल्या, पुन्हा सुरू होऊन 2018 मध्ये परत थांबल्या. ट्रक, बार्ज, गॅरेज यांवर चालणाऱ्या घरांचे उत्पन्न आटले. अशा घराला मांजरासाठी इसवण आणायला सांगणे क्रूरपणाचे होईल. तिथे कोंबडीच्या दुकानातला कलेजी-पेटा, हृदय, मान आणि मांडीजवळचे काळसर मांस जास्त उपयोगी पडते. छातीचे पांढरे मांस माणसांना आवडते म्हणून महाग. टॉरिन मात्र काळसर मांसात आणि हृदयात अधिक असते. कलेजी आठवड्यातून एक-दोनदा, थोडीच द्यावी. रोज घातली तर जीवनसत्त्व अ साठत जाऊन मानेची हाडे जखडतात. कोंबडीही शिजवूनच द्यावी: 2023 मध्ये पोलंडमध्ये घरात राहणारी मांजरे बर्ड फ्लूने दगावली होती. शिजलेली हाडे मोडून टोकदार होतात म्हणून काढून टाकावीत. अंडे उकडावे किंवा तेलाशिवाय परतावे. कच्च्या पांढऱ्यातले एक द्रव्य बायोटिन हे जीवनसत्त्व अडवून ठेवते.

आता पाकिटातल्या खाण्याविषयी. त्यावरचा आक्षेप दुहेरी आहे: ते महाग असते, आणि त्यात मका-तांदूळच भरलेला असतो. दुसरा मुद्दा खोटा नाही. कोरड्या खाण्याचा दाणा बनवायलाच पीठ लागते, आणि स्वस्त खाण्यात पिष्टाचे प्रमाण तिसऱ्या हिश्श्याच्याही वर जाऊ शकते. कंपन्यांनी कधी चूक केली नाही असेही नाही. 1987 च्या संशोधनात टॉरिन कमी पडलेली मांजरे नावाजलेल्या कंपन्यांचेच खाणे खात होती. पण ती चूक उघडकीस आल्यावर प्रमाण वाढवले गेले आणि आज तो निकष लिखित आहे. घरच्या शिताला असा कुठलाच निकष नाही. म्हणून पाकीट नाकारण्यापेक्षा ते वाचायला शिकणे बरे. पुढच्या बाजूचे तांबड्या माशाचे चित्र सोडून मागचा बारीक मजकूर पाहावा. ‘संपूर्ण आणि संतुलित’ असे लिहिले आहे की ‘पूरक’, हा पहिला प्रश्न. चाटायच्या नळ्या आणि खाऊचे तुकडे बहुधा पूरक असतात, त्यांवर मांजर पोसायचे नसते. मग ‘क्रूड प्रोटीन’चा आकडा. अमेरिकी निकषाप्रमाणे पाण्याचा अंश वजा केल्यावर प्रौढ मांजराला किमान 26 टक्के आणि पिल्लाला 30 टक्के लागते. कुत्र्याला 18 पुरते. टॉरिन घातल्याचा उल्लेख असावा, आणि घटकांत पहिले नाव धान्याचे नसून कोंबडी, मासे किंवा त्यांच्या पिठाचे असावे. ओल्या खाण्यावर प्रथिन आठच टक्के लिहिलेले दिसते म्हणून ते निकृष्ट समजू नये: त्यात 82 टक्के पाणी असते, आणि उरलेल्या 18 भागांत 8 म्हणजे 44 टक्के झाले. ते चांगलेच असते, पण 85 ग्रॅमची तीन पाकिटे एका दिवसात लागतात, म्हणून बेताच्या बजेटला पेलत नाही.

काटकसर करताना दोन ठिकाणी फसगत होते. पहिली कुत्र्याच्या खाण्याची. ते स्वस्त पडते, घरात कुत्रा असला की आयतेच असते, मांजर खातेही आवडीने. पण कुत्रा टॉरिन स्वतः बनवतो, म्हणून ते त्याच्या खाण्यात घालण्याचे बंधन नाही. दुसरी फसगत गोणीतून सुटे विकल्या जाणाऱ्या खाण्याची. जूनमध्ये पेडण्यात पापड एका रात्रीत सादळतो. तिथे महिनाभर उघड्या असलेल्या गोणीतले तेल खवट होते, जीवनसत्त्वे झिजतात आणि बुरशी धरते. किलोमागे वाचलेले पाच-पन्नास रुपये त्यात कधीच निघून जातात. महिन्याभरात संपेल एवढीच सीलबंद पिशवी घ्यावी, उघडल्यावर पिशवीसकट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी आणि कंपनीने छापलेली तारीख फाडून टाकू नये.

शिवराक घरांचा प्रश्न वेगळा आणि आदराने पाहण्यासारखा आहे. श्रावणात ज्या चुलीवर मासळी चढत नाही, तिथे मांजरासाठी अंडे उकडा असा सल्ला देऊन उपयोग नाही. बारमाही शाकाहारी घरांतही मांजर असतेच. पण व्रत माणसाने आपल्यासाठी घेतलेले असते; मांजरावर ते लादले तर त्याच्या शरीराकडे त्याची भरपाई करण्याचा मार्ग नाही. पनीर, डाळ, सोयाबीन यांतून प्रथिन मिळेल, टॉरिन आणि जीवनसत्त्व अ पुरेसे मिळणार नाही. अशा घरासाठी पाकिटातले कोरडे खाणे हीच सोय आहे: शिजवावे लागत नाही, भांडे वेगळे ठेवता येते, सोवळ्यात अडचण येत नाही. आक्षेप पाकिटाच्या खर्चाचा असेल, तर ते वर्षभर न घेता निदान जून ते चवथ एवढ्या काळासाठी घ्यावे. दिवसाला 18 रुपये धरले तर तीन महिन्यांचे साधारण सोळाशे होतात. आगोटीला, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर, मीठ, सोले, सुके बांगडे, पापड घरात भरले जातातच. मांजराचे हे सोळाशे रुपये त्याच बेगमीत मेपासून महिन्याला थोडे थोडे धरता येतात. सुक्या मासळीचाही आधार घेता येतो: गालमो किंवा सुका जवळा दोन पाण्यांत भिजवून, मीठ उतरवून, मूठभर शिजवून घातला तर पुष्कळ प्रथिन देतो. खारवलेला बांगडा मात्र टाळावा, त्यातले मीठ भिजवूनही पुरते निघत नाही.

प्रमाणाबद्दल पशुवैद्य साधारणपणे सांगतात की संपूर्ण खाण्याच्या जोडीला वरखाऊ दहा टक्क्यांच्या आत ठेवा. हा नियम बिस्किटे, मलई, भात यांसाठी अगदी बरोबर आहे. काट्या-अवयवांसकट शिजवलेली बारीक मासळी, अंडी, कोंबडीचे हृदय यांच्या बाबतीत प्रौढ निरोगी मांजराला थोडी अधिक मोकळीक देता येते, असे मला वाटते. दोन तृतीयांश ऊर्जा संपूर्ण खाण्यातून आणि उरलेली या घरगुती वाट्यातून आली तर खर्चही उतरतो आणि कमतरताही राहत नाही. वाढती पिल्ले, गाभण आणि पाजणारी मांजरी यांच्यासाठी ही सूट नाही. त्यांना पिल्लांचेच संपूर्ण खाणे, दिवसातून तीन-चार वेळा. दर काही महिन्यांनी होणाऱ्या वेताचा हा खर्च पाहता मांजरीचे वेळेवर ऑपरेशन करून घेणे हीच खाण्यावरची सर्वांत मोठी बचत आहे. त्यानंतर भूक वाढते आणि गरज कमी होते, म्हणून वाटीत मोजूनच घालावे.

मांजर मुळात वाळवंटी रानमांजराच्या वंशातले, म्हणून पाणी कमी पिते. कोरड्या खाण्यात जेमतेम दहा टक्के पाणी असते. बोक्यांना लघवी तुंबण्याचा त्रास होतो त्यात याचाही भाग आहे. वर सांगितलेले मासळीचे बिनमिठाचे पाणी या कामी येते. कोरडे खाणे त्यात भिजवून दिले की चव येते आणि पाणीही पोटात जाते. भिजवलेले खाणे अर्ध्या-पाऊण तासात संपले नाही तर उचलून टाकावे.

बदल एकाएकी करू नये. 31 मेला मासळी आणि 1 जूनला दाणे, असे केले तर पुष्कळ मांजरे वाटीकडे पाठ फिरवतात. मेच्या तिसऱ्या आठवड्यापासून शिजलेल्या मासळीत चमचाभर दाणे मिसळून दर दिवशी प्रमाण वाढवत नेले तर आठ-दहा दिवसांत जीभ रुळते. ‘भूक लागली की खाईल’ म्हणून उपाशी ठेवणे मांजराच्या बाबतीत धोक्याचे आहे. सलग दोन-तीन दिवस काही खाल्ले नाही तर अंगावरची चरबी यकृतात उतरू लागते, कावीळ होते, आणि अंगाने भरलेल्या मांजराला हा धोका अधिक. दुसऱ्या दिवशीही वाटीला तोंड लावले नाही तर जुने खाणे परत सुरू करावे आणि पशुवैद्याकडे न्यावे.